ससेपालन: जातीच्या नावापेक्षा नोंदवही आणि चारा महत्त्वाचा

दहा सशांचे एक युनिट घ्या, पिंजरे आम्ही देऊ, खाद्य आम्ही देऊ आणि पिल्लेही आम्हीच विकत घेऊ, अशा जाहिराती ग्रामीण भागात अधूनमधून मोबाईलवर फिरत असतात. जागा कमी लागते, गर्भकाळ एक महिन्याचा असतो आणि एका वेताला पाच-सहा पिल्ले मिळतात. कागदावर मांडलेला हिशेब कोणालाही पटावा असाच असतो. तरीही ससेपालन सुरू केलेल्या अनेक शेतकऱ्यांचे पिंजरे दोन-तीन वर्षांत रिकामे झालेले दिसतात. कारण विचारले तर ‘जात चांगली नव्हती’ किंवा ‘खाद्य परवडले नाही’ अशी दोन उत्तरे मिळतात. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत. जात आणि खाद्य सुधारता येते; मात्र त्यासाठी आपण ससा नेमका कशासाठी पाळतो, हे आधी ठरवावे लागते.

पिल्ले विकण्याच्या साखळीत सुधारणा का होत नाही?

मांसासाठी ससा पाळला की त्याची किंमत वजनावर ठरते. बारा आठवड्यांत दोन किलो भरणारा ससा आणि सोळा आठवड्यांत दोन किलो भरणारा ससा यांतला फरक शेतकऱ्याच्या खिशाला लगेच जाणवतो. पण ‘परत खरेदी’च्या अनेक योजनांमध्ये पिल्ले मांसाच्या बाजारात जात नाहीत. ती पुढच्या नव्या शेतकऱ्याला ‘पैदाशीचे युनिट’ म्हणून विकली जातात. तेथे किंमत नगावर ठरते. पिल्लू किती वाढते, त्याच्या आईने किती पिल्ले जगवली, बाप कोण, हे कोणी विचारत नाही. ज्या गुणाला पैसा मिळत नाही, त्याची नोंद होत नाही. आणि नोंद नाही तेथे निवड होऊ शकत नाही. म्हणून अशा साखळीत ससे पिढीगणिक सुधारण्याऐवजी खालावत जातात.

नवे गुंतवणूकदार मिळेनासे झाले की साखळी तुटते. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून उघडकीस आलेले कडकनाथ कोंबडी प्रकरण राज्यातील शेतकऱ्यांच्या लक्षात आहे. तेथेही पक्षी द्यायचे, अंडी व पक्षी चढ्या दराने परत घ्यायचे, असेच आश्वासन होते. कोंबडीचा किंवा सशाचा त्यात काही दोष नसतो. खाणाऱ्या ग्राहकापर्यंत न पोहोचणारा पशुपालनाचा कोणताही धंदा याच वाटेने जातो.

योजना आणि कायदा

अनुदानाच्या नावाखालीही गैरसमज पसरवले जातात. पूर्वी नाबार्डमार्फत राबवल्या गेलेल्या एका योजनेच्या नावातच शेळी-मेंढीबरोबर सशाचा उल्लेख होता. २०२१-२२ पासून राबवल्या जाणाऱ्या सुधारित राष्ट्रीय पशुधन अभियानात उद्योजकतेसाठीचे ५० टक्के भांडवली अनुदान ग्रामीण कुक्कुटपालन, शेळी-मेंढीपालन, वराहपालन आणि वैरण-पशुखाद्य यांसाठी आहे. २०२४ मध्ये त्यात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांची भर पडली. ‘ससेपालनाला निम्मे अनुदान मिळते’ असे कोणी सांगितले, तर तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून लेखी खात्री केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

कायद्याबाबत दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. आपल्या माळरानावरचा रानससा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. तो पकडणे, पाळणे किंवा विकणे गुन्हा आहे. पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा ही युरोपीय मूळ असलेली वेगळी प्रजाती आहे. अन्नसुरक्षा नियमांत मांसाच्या प्राण्यांमध्ये पाळीव सशाचा समावेश आहे. त्यामुळे त्याच्या मांसाची विक्री करता येते; मात्र कत्तल आणि विक्रीसाठी अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना व स्थानिक स्वराज्य संस्थेचे नियम पाळावे लागतात.

सात माद्या, तीन नर: सगोत्र पैदाशीचा हिशेब

जाहिरातींतले दहाचे युनिट बहुधा सात माद्या आणि तीन नर असे असते. बाहेरून नवा नर न आणता याच कळपात पैदास चालू ठेवली, तर काय होते ते साध्या सूत्राने काढता येते. दर पिढीला सगोत्रता अंदाजे १ भागिले (८ × नर) अधिक १ भागिले (८ × माद्या) एवढी वाढते. तीन नर आणि सात माद्यांसाठी हे उत्तर जवळपास ६ टक्के येते. दोन पिढ्यांत ते साडेअकरा टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे सावत्र भाऊ-बहिणीच्या जोडीपासून झालेल्या पिल्लांच्या (१२.५ टक्के) जवळ. सशाची पिढी वर्षाच्या आत बदलू शकते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वेतातील पिल्ले कमी होणे, अशक्त पिल्ले, नर निकामी होणे असे प्रकार दिसू लागतात आणि शेतकरी म्हणतो, ‘सुरुवातीला ससे चांगले होते.’

हे सूत्र सर्व नर सारखे वापरले, असे धरून चालते. प्रत्यक्षात एकच तगडा नर जास्त वापरला जातो, म्हणजे नुकसान यापेक्षा लवकर होते.

आता असेच दहा शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी नर ठरावीक क्रमाने एकमेकांकडे फिरवले, तर तीस नर आणि सत्तर माद्यांचा एक कळप तयार होतो. तेव्हा तोच आकडा दर पिढीला ०.६ टक्क्यांवर येतो. एकही ससा विकत न घेता सगोत्रतेचा वेग दहापट कमी झाला. गटाने काम करण्याचा हा सर्वांत स्वस्त फायदा आहे. नर फिरवताना तो निरोगी असल्याची खात्री करावी, खरूज व नाक वाहणे तपासावे आणि नव्या ठिकाणी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा.

इतर देशांनी काय केले?

ससेपालनातील आनुवंशिक सुधारणेचे सर्वांत शिस्तबद्ध काम फ्रान्स आणि स्पेनमध्ये झाले. स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाने ‘जात’ या शब्दावर न थांबता वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे वंश तयार केले. ‘ए’ आणि ‘व्ही’ या वंशांची निवड दूध सोडताना हाती येणाऱ्या पिल्लांच्या संख्येवर झाली, तर ‘आर’ वंशाची निवड दूध सोडल्यानंतरच्या वाढीच्या वेगावर झाली. बाजारासाठीचा ससा मिळवताना दोन मातृवंशांचा संकर करून माद्या तयार करतात आणि त्यांना वाढीच्या वंशाचा नर देतात. आईकडून संख्या आणि बापाकडून वजन, अशी ही विभागणी आहे. त्याच संस्थेने ‘एलपी’ नावाचा वंश किमान २५ वेते दिलेल्या माद्या व्यापारी फार्मवरून शोधून उभा केला. लवकर मरणारी मादी कितीही पिल्ले देवो, ती महागच पडते, हा त्यामागचा विचार.

आपल्यासाठी इजिप्त आणि सौदी अरेबियाचे उदाहरण अधिक जवळचे आहे. या उष्ण देशांनी स्पॅनिश ‘व्ही’ वंश आणला, पण तो जसाच्या तसा वाटला नाही. इजिप्तमध्ये स्थानिक बलादी आणि सौदीमध्ये स्थानिक गबाली सशाशी त्याचा संकर केला आणि पुढे तेथल्याच हवामानात, तेथल्याच खाद्यावर अनेक पिढ्या निवड केली.

भारतात केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या केंद्रांवर व्हाइट जायंट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट, न्यूझीलंड व्हाइट अशा जातींवर काम झाले आहे. तमिळनाडूत कोडाईकनालजवळचे मन्नवनूर आणि हिमाचलमधील गडसा ही त्यांची केंद्रे थंड डोंगराळ भागात आहेत. तेथून आणलेला ससा चांगला असतो, यात शंका नाही. पण मे महिन्यातील विदर्भ-मराठवाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो तसाच उत्पादन देईल, ही अपेक्षा चुकीची आहे. थंड भागात पहिला आलेला नर आपल्या शेडमध्ये पहिला येतोच असे नाही. म्हणून सुरुवातीचे ससे संशोधन केंद्रातून किंवा नोंदी ठेवणाऱ्या फार्मवरून घ्यावेत आणि पुढची निवड आपल्या शेडमध्येच करावी.

निवड करताना होणाऱ्या दोन चुका

पहिली चूक म्हणजे एका वेतावरून मादीची पारख करणे. वेतातील पिल्लांच्या संख्येची आनुवंशिकता जवळपास १० टक्केच असते. समजा कळपाची सरासरी ६ पिल्लांची आहे आणि एका मादीने एका वेतात ८ दिली. तिच्या मुलीकडून त्या दोन जादा पिल्लांपैकी सरासरी केवळ ०.१ पिल्लू अपेक्षित धरता येते. बाकीचा फरक आहार, हवामान आणि योगायोगाचा असतो. पण त्याच मादीची चार वेतांची सरासरी ८ असेल, तर अपेक्षा सुमारे ०.२५ पर्यंत जाते. निवड तीच, ससे तेच. फक्त चार ओळींच्या नोंदीमुळे फायदा अडीचपट झाला. म्हणून पैदाशीच्या माद्या, किमान तीन-चार वेतांची नोंद असलेल्या आयांच्याच पिल्लांतून निवडाव्यात.

दुसरी चूक म्हणजे सर्वांत मोठे पिल्लू पैदाशीसाठी ठेवणे. वेतात तीनच पिल्ले असतील तर प्रत्येकाला दूध भरपूर मिळते आणि ती मोठी दिसतात. आठ पिल्लांच्या वेतातील पिल्लू त्यामानाने लहान असते. डोळ्यांनी मोठे पिल्लू निवडत गेलो, तर नकळत कमी पिल्ले देणाऱ्या आयांच्या मुली ठेवल्या जातात. तुलना सारख्या आकाराच्या वेतांमध्येच करावी. नर निवडताना मात्र बारा आठवड्यांच्या वजनाला महत्त्व द्यावे. वाढीच्या वेगाची आनुवंशिकता पिल्लांच्या संख्येपेक्षा जास्त, साधारण १५ ते ३० टक्के असते, त्यामुळे येथे निवडीचे फळ लवकर दिसते.

प्रत्येक मादीच्या पिंजऱ्यावर एक कार्ड लावावे. त्यावर एवढ्या नोंदी पुरेशा आहेत:

- मादीचा क्रमांक, तिचे आई-बाप
- लावणीची तारीख आणि नराचा क्रमांक
- विण्याची तारीख, जिवंत व मृत पिल्ले
- २१ व्या दिवशी संपूर्ण वेताचे वजन (तोपर्यंत पिल्ले जवळजवळ दुधावरच असतात, म्हणून हा आकडा आईच्या दुधाचे माप देतो)
- दूध सोडताना संख्या आणि बारा आठवड्यांचे वजन

खाद्य: धान्य वाढवल्याने ससा मरतो

ससा रवंथ करत नाही, पण तो कोंबडीसारखाही नाही. त्याचे आंधळे आतडे मोठे असते आणि तेथे जिवाणू चाऱ्याचे विघटन करतात. तेथून बाहेर पडणारी मऊ लेंडी ससा थेट गुदद्वारातूनच पुन्हा खातो. त्यातून त्याला प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे मिळतात. ही सवय रोगाची नाही, पचनाचा भाग आहे.

या व्यवस्थेला तंतुमय पदार्थांचा सतत पुरवठा लागतो. तंतू कमी आणि पिष्ट जास्त झाले की आतड्याची हालचाल मंदावते, घातक जिवाणू वाढतात आणि हगवण, पोटफुगी सुरू होते. दूध सोडल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत सर्वाधिक मर याच कारणाने होते. फ्रान्समधील प्रयोगांत या काळात खाद्य २० ते २५ टक्क्यांनी आवरते ठेवल्यावर पचनाच्या विकारांनी होणारी मर घटली. आपल्याकडे नेमके उलट केले जाते. दूध सुटले म्हणून पिल्लांना मका आणि पेंड वाढवली जाते.

वाढत्या सशाच्या खाद्यात १६ ते १७ टक्के प्रथिने आणि १४ ते १६ टक्के तंतू असावेत. आपल्या भागातील घटकांपासून १०० किलो खाद्याचे एक उदाहरण:

- वाळवलेल्या लसूणघासाचा भरडा: ३० किलो
- गव्हाचा कोंडा: २५ किलो
- मक्याचा भरडा: १८ किलो
- सोयापेंड: १२ किलो
- तुरीचे किंवा हरभऱ्याचे कुटार: १२ किलो
- खनिज मिश्रण: २.५ किलो
- मीठ: ०.५ किलो

घटकांच्या नेहमीच्या पृथक्करणानुसार यात सुमारे १६.५ टक्के प्रथिने आणि १६ टक्के तंतू येतात. घटकांचा दर्जा बदलतो, म्हणून मोठ्या प्रमाणात बनवण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत तपासावा. बारीक पीठ देऊ नये. नाकात धूळ जाऊन श्वसनाचे विकार वाढतात. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या गोळ्या करता आल्या तर उत्तम, नाहीतर भरडा थोडा ओलसर करून लगेच खाऊ घालावा आणि उरलेला काढून टाकावा. खाद्यातील बदल आठवडाभरात हळूहळू करावा.

खालील बाबींत तडजोड नको:

- कोंबडीखाद्य देऊ नये. त्यात तंतू अगदी कमी असतात. शिवाय काही कोंबडीखाद्यांत रक्ती हगवणीविरुद्ध घातलेले सॅलिनोमायसिनसारखे औषध सशाला विषारी ठरते.
- बुरशी लागलेली भुईमूग पेंड किंवा मका वापरू नये. अफलाटॉक्सिन सशाला फार थोड्या मात्रेतही बाधते.
- पावसाळ्यातील ओला चारा कापल्यावर काही तास सुकवून मगच द्यावा. तो जमिनीवर न टाकता टांगून किंवा गव्हाणीत द्यावा.
- सुबाभूळ थोड्या प्रमाणातच द्यावी. त्यातील मायमोसिनमुळे केस गळतात. दशरथ घास, शेवग्याचा पाला, हादगा, चवळी हे चांगले पर्याय आहेत.
- स्वतःच्या मनाने प्रतिजैविक पाजू नये. अॅम्पिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन यांसारखी औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो.

दूध पाजणाऱ्या मादीचा आहार वेगळा असतो. ती दिवसातून बहुधा एकदाच पिल्लांना पाजते, पण तिचे दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी घट्ट असते. तिला खाद्य पोटभर, कॅल्शियम पुरेसे आणि पाणी सतत हवे. उन्हाळ्यात अशी मादी दिवसाला एक लिटरहून अधिक पाणी पिऊ शकते. पाणी तुटले की ती आधी खाणे आणि मग दूध कमी करते.

उन्हाचा फटका जुलैपर्यंत

सशाला घाम येत नाही. १५ ते २५ अंश सेल्सिअस त्याला मानवते. ३० अंशांच्या वर खाणे घटते आणि ३५ अंशांच्या वर जीव धोक्यात येतो. नराचे वीर्य तयार व्हायला दीड महिन्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे मेच्या उन्हात बिघडलेला नर जून-जुलैतही माद्या गाभण ठेवू शकत नाही. अशा वेळी ‘मादी वांझ आहे’ म्हणून चांगली मादी विकली जाते. नरांचे पिंजरे सर्वांत थंड जागी ठेवावेत. छपरावर गवत किंवा पाचट, बाजूला ओली गोणपाटे आणि भोवती झाडे असावीत. हवा मात्र खेळती हवी, कारण दमट कोंदट शेडमध्ये नाकाचे आजार वाढतात. खाद्य पहाटे आणि रात्री द्यावे.

आधी काय सुधारावे?

उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. एक मादी वर्षाला ५ वेते देते, प्रत्येक वेळी ५ जिवंत पिल्ले होतात, त्यांतील ६५ टक्के दूध सोडेपर्यंत जगतात आणि पुढे ८० टक्के विक्रीपर्यंत पोहोचतात. हाती १३ ससे लागतात. आता जन्माची संख्या तीच ठेवून आहार आणि निवाऱ्याने जगण्याचे प्रमाण ८० आणि ९० टक्के केले, तर १८ ससे मिळतात. त्यानंतर निवडीतून वेतामागे एक पिल्लू वाढले, तर ही संख्या साडेएकवीसच्या पुढे जाते.

म्हणजे पहिले पाच ससे खाद्य आणि शेडमधून, एका वर्षात मिळू शकतात. पुढचे साडेतीन निवडीतून, काही वर्षांनी मिळतात, पण ते टिकतात. क्रम उलटा करता येत नाही. पिल्ले पोट बिघडून मरत असतील, तर कोणती मादी खरोखर चांगली, हे कार्डही सांगू शकत नाही.

वाढीचा हिशेबही असाच आहे. दोन किलोचे वजन चार आठवडे उशिरा आले, तर दिवसाला १०० ग्रॅम धरून २.८ किलो खाद्य जास्त लागते. किलोला ३० रुपये धरले, तरी प्रत्येक सशामागे ८४ रुपये गेले. ससेपालनात खर्चाचा मोठा वाटा खाद्याचाच असल्याने नफा येथेच जातो.

विस्तार कार्यकर्ते आणि शेतकऱ्यांसाठी

ससेपालन सुरू करू इच्छिणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा: तुमचा ससा शेवटी कोण खाणार? गावातील खानावळ, जवळच्या शहरातील मांसविक्रेता किंवा आठवडी बाजार, यांपैकी किमान एक ग्राहक दर नक्की करून सांगत असेल, तरच पुढे जावे. सुरुवात पाच-सहा माद्यांनी करावी. ससे विकणाऱ्याकडे आई-बाप आणि वेतांच्या नोंदी मागाव्यात. ‘नोंदी नाहीत, पण जात अस्सल आहे’ असे उत्तर आले, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

जे आधीच या व्यवसायात आहेत, त्यांनी परिसरातील आठ-दहा पशुपालकांचा गट करावा, नर फिरवण्याचे वेळापत्रक ठरवावे, सर्वांनी एकाच नमुन्याचे कार्ड वापरावे आणि खाद्य एकत्र बनवावे. कृषी विज्ञान केंद्रे व पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी अशा गटांच्या नोंदी वर्षातून एकदा तपासून पैदाशीचे नर-माद्या निवडून दिल्या, तर महाराष्ट्राच्या हवामानात टिकणारा ससा इथल्याच पिंजऱ्यांतून उभा राहू शकतो. या खरिपात दशरथ घासाची लागवड आणि पिंजऱ्यावरचे कार्ड, या दोन गोष्टींपासून सुरुवात करता येईल.